बाजूला बसलेली गाय

गाईला ‘अहो’ म्हणणारं माणूस अख्ख्या पुण्यात एकच असेल, आणि ते आमच्या समोरच्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर राहायचं. नुसतं ‘अहो’ पण नाही. ‘अहो, आपली हरकत नसेल तर जरा मागचा पाय सरकवता का?’ असं. आणि गाय सरकवायची हो! आमच्या मिस्टरांना मी हाका मारून मारून घसा बसवला तरी टीव्हीपुढचा पाय हलत नाही, आणि ती शिंगं उगारणारी गाय या काकूंपुढं लगेच बाजूला व्हायची. काकूंना मी काकू म्हणायची. गोठ्यातले लोक शेणाच्या बाई म्हणायचे. टॉवरमधले काय म्हणायचे ते मला सांगता येणार नाही, ते इंग्लिशमध्ये म्हणायचे.

आम्ही तेव्हा यवतमाळकडून नुकतेच खराडीत आलेलो. मिस्टर कंपनीतल्या पोरापोरींना घरून ऑफिसला आणि ऑफिसातून घरी सोडायची गाडी चालवायचे. आमची पत्र्याची खोली, समोर सगळे काचेचे टॉवर, आणि मधल्या जागेत एक गोठा, कारण त्या गोठेवाल्यानं जागा अजून बिल्डरला दिली नव्हती. गोठ्याच्या मागं त्यांचाच मेथी-कोथिंबिरीचा वाफा, वाफ्याच्या कडेनं नाला, आणि नाला पुढं नदीला. मी पोरीला कडेवर घेऊन दुधाला गेले तर एका गाईच्या मागं एक बाई उकिडव्या बसलेल्या. पांढरे कापलेले केस, जाड चष्मा, सुती साडी आणि साडीखाली पोरांचे पळायचे असतात तसले बूट. हातात मोठ्या तोंडाची बाटली. गाईला म्हणत होत्या, ‘सावकाश होऊ द्या, मला काही घाई नाही.’ मला वाटलं करणी! मी आधीच भित्री, लिफ्टला भिणारी, कुत्र्याला भिणारी, मी पटकन पोरीच्या तोंडावर पदर ओढला. तर त्या मागं न बघताच म्हणाल्या, ‘घाबरू नका, मी चेटकीण नाही. चेटकिणींना पेन्शन नसते.’

मग हळूहळू कळलं की काकू सरकारी प्रयोगशाळेतनं रिटायर झालेल्या, मूळच्या कोथरूडच्या. मुलानं इथं फ्लॅट घेतला आणि आईला त्यात ठेवून स्वतः अमेरिकेला गेला. काकूंचं जन्मभराचं काम एकच, जनावरांना दिलेल्या औषधाचं पुढं काय होतं ते बघायचं. मी म्हणलं, पुढं काय होणार, जनावर बरं होतं. तर म्हणाल्या, ‘डॉक्टर आला, सुई टोचली, गाय बरी झाली. तुमची गोष्ट इथं संपते. माझी इथं सुरू होते.’ औषध म्हणे सगळं गाईच्या अंगात राहत नाही. शेणातनं, मुतातनं बाहेर पडतं. शेण वाफ्यात जातं, मातीला चिकटून बसतं, पाणी सोडलं की थोडं नाल्यात उतरतं, नाल्यातनं नदीत. काकू त्याच्या मागावर असायच्या. जत्रेत हरवलेलं पोर शोधावं तसं, आधी गोठा, मग वाफा, मग नाला, प्रत्येक ठिकाणी बाटली भरून घ्यायच्या आणि बाटलीला विचारल्यासारखं म्हणायच्या, ‘आपण इथपर्यंत आलात का?’

त्यांच्या फ्रीजमध्ये जेवणाच्या वस्तू एका कप्प्यात आणि बाकी सगळ्या कप्प्यांत बाटल्या. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या, ‘गोठा’, ‘वाफा’, ‘नाला, पुलाच्या अलीकडे’, आणि सगळ्यात वरच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘हे सरबत नाही’. मी म्हणलं, काकू, असं कशाला लिहिलंय? म्हणाल्या, ‘माझे व्याही मागच्या वेळी थोडक्यात वाचले.’ लिफ्टमधून त्या शेणाची बादली न्यायच्या म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाटी लावली, ‘दुर्गंधीयुक्त वस्तू लिफ्टमधून नेऊ नयेत.’ दुसऱ्या दिवशी पाटीखाली पेन्सिलनं लिहिलेलं, ‘मग सेक्रेटरी जिन्याने जातील काय?’ पाटी निघाली. बाटल्या पोचवायच्या असायच्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या प्रयोगशाळेत, आणि त्यासाठी त्यांनी गाठलं आमच्या मिस्टरांना. मिस्टर नाही म्हणूच शकले नाहीत, काकूंना कुणीच म्हणायचं नाही. मागच्या सीटवर कानात वायरी घातलेली कंपनीची पोरं आणि डिकीत काकूंचं शेण. एकदा झाकण सैल राहिलं. एक पोरगी नाक धरून म्हणाली, ‘काका, एसीमधून गावचा वास येतोय.’ मिस्टर म्हणाले, ‘मॅडम, ऑरगॅनिक आहे.’ ती खूश झाली.

आता माझ्या पोरीचं सांगते, कारण त्याच्याशिवाय काकू काय होत्या ते कळायचं नाही. ती अंगावर पीत होती तेव्हाच तिला मोठं दुखणं झालं. ताप उतरेना, दवाखान्यात ठेवलं, सलाईन लावलं, आणि डॉक्टर येऊन नुसते कागद बघायचे आणि म्हणायचे, औषध लागू पडत नाहीये, बदलून बघू. परत बदलून बघू. लागू पडत नाही, हे शब्द मी इतक्या वेळा ऐकले की नंतर भाजीवाली ‘ताई, किती लागणार’ म्हणाली तरी माझ्या छातीत धस्स व्हायचं. शेवटी एक औषध लागू पडलं. पोरगी घरी आली, पण काटकुळी होऊन आली. डॉक्टर म्हणाले जपा, चांगलं खाऊ घाला, दूध द्या. तेव्हापासून मी तिचा श्वास बघत बसायची. ती झोपली तरी बघायची, जागी असली तरी बघायची. परत काही झालं आणि परत औषध लागलं नाही तर? माझ्या डोक्यात एवढंच.

म्हणून गोठेवाल्याची आई, सगळे तिला माई म्हणायचे, तिनं मला फुकट दूध द्यायला सुरुवात केली तेव्हा मला देव भेटल्यासारखं झालं. तांब्या भरून द्यायची आणि म्हणायची, ‘घे गं, लेकुरवाळी हायेस, पोरीच्या अंगाला लागू दे.’ रोज नाही, मधूनमधून. मी उकळून उकळून पोरीला पाजायची.

त्यात आमच्या सासूबाई गावाकडून आल्या. त्यांना जेवणात दही नसलं तर जेवण झालं असं वाटत नाही. मी माईच्या दुधाला विरजण लावलं, सकाळी बघितलं तर दूध जसंच्या तसं. परत लावलं, कोमट करून, उबेला ठेवून, शेजारणीकडचं विरजण आणून. काही नाही. नुसतं पातळ दूध. सासूबाई भांडं हलवून बघायच्या आणि म्हणायच्या, ‘काहून वं, तुह्या हाताले काही गुणच नाही काय? आमच्या इकडं बोटभर ताकात घागरभर दूध लागे!’ मग शेजारीण म्हणाली नजर लागली असेल. मग भांड्याला लिंबू-मिरची बांधली. सासूबाई त्यावर पण बोलल्या, ‘घरात बुद्धाची मूर्ती हाय अन् बाई भगोन्याले मिरच्या बांधून रायली!’ पण मला आतून वेगळंच खात होतं. औषध लागत नाही, विरजण लागत नाही, माझ्याच हातात काही आहे की काय, माझ्या हातून पोरीला काहीच लागणार नाही की काय. खरं सांगते, मी पोरीला भरवताना हात मागं घ्यायला लागले होते.

तशीच एकदा नाल्याच्या कठड्यावर बसून रडत होते तर काकू खालून चिखलाच्या बुटांनी वर आल्या. काय झालं म्हणाल्या. मी म्हणलं, काकू, विरजण लागत नाही. मला वाटलं हसतील. तर काकूंचे डोळे चष्म्यामागं एवढे मोठे झाले. ‘लागत नाही? अजिबात? वा!’

‘काकू, वा काय?’ मी म्हणलं.

‘कुठलं दूध? कधीपासून? फुकट? अगं चल ऊठ, ते दूध आण.’ त्या दिवशी पहिल्यांदा मला ‘अगं’ म्हणाल्या.

त्यांच्या ओट्यावर त्यांनी सारख्या वाट्या मांडल्या. अर्ध्या वाट्यांत पिशवीचं दूध, अर्ध्यांत माझ्या तांब्यातलं, दोन्ही सारखं कोमट, विरजण एकाच भांड्यातलं, आणि लावायला काकूंनी मलाच लावलं. म्हणाल्या, ‘हात तुझाच पाहिजे. आरोपी तोच आहे ना?’ दुसऱ्या दिवशी सकाळी मी पळत गेले, लिफ्टमधून गेले, भीती पण विसरले. पिशवीच्या दुधाचं दही असं घट्ट की वाटी पालथी केली तरी पडेना. माझ्या तांब्यातलं दूध तसंच वाहतंय. काकू म्हणाल्या, ‘आरोपी निर्दोष. विरजण म्हणजे काय, जिवंत जंतूच, भले जंतू. या दुधात जंतू मारायचं औषध आहे, म्हणून ते बिचारे मरतात. तुझ्या हातात काही नाही, गाईच्या अंगात आहे.’

मी आधी रडले, सुटल्यासारखं. आणि मग लक्षात आलं. हेच दूध माझी पोरगी पिते! मी म्हणलं, काकू, मग तिचं ते दुखणं, ते औषध लागू पडत नव्हतं, ते यानंच झालं का?

दुसरं कुणी असतं तर हो तरी म्हणालं असतं नाहीतर नाही तरी. काकू खुर्चीवर बसल्या, बूट काढले, आणि म्हणाल्या, ‘मला माहीत नाही. माहीत नाही ते मी सांगणार नाही. ते दुखणं या दुधाच्या आधीचं, तेव्हा त्याचा आळ या दुधावर नको. पण एवढं माहीत आहे की जंतूंना रोज थोडं थोडं औषध मिळालं, दुधात, मातीत, नाल्यात, कुठंही, की त्यांना त्याची सवय होते. पुणेकरांना हॉर्नची झालीय तशी. कितीही वाजवा, कुणी बाजूला होत नाही. मग खरंच अॅम्ब्युलन्स आली तरी होत नाही.’ मला आठवीपर्यंतच्या शाळेत कुणी काही असं समजावलं नव्हतं. मी म्हणलं, मग माझ्या पोरीची अॅम्ब्युलन्स अडायला नको, काकू. त्या लगेच उठल्या आणि परत बूट घालायला लागल्या.

गोठ्यात माई शेणी थापत होती. काकूंनी विचारलं, कुठल्या गाईचं दूध देता हिला? माई म्हणाली, ‘त्या तांबडीचं. तिला घडी घडी दगडी व्हती. कास दगडागत हुती, डाक्टर येतो, सुई मारतो, सडात औशदाची नळी सोडतो.’ आणि डॉक्टर दुधाचं काही सांगत नाही? ‘सांगतो की. इकू नका म्हंतो काही दिस.’ मग माईनं छाती पुढं काढून सांगितलं, ‘म्या एक थेंब इकला न्हाई! समदं फुकट वाटलं, लेकुरवाळ्या बघून!’

काकू बाटली बाजूला ठेवून माईसमोर उकिडव्या बसल्या. मग त्यांनी समजवायला सुरुवात केली. औषध, जंतू, सवय, हॉर्न, अॅम्ब्युलन्स. माई शेणी थापत राहिली. शेवटी म्हणाली, ‘मंग काय करू? दूध वतू? गाईचं दूध मातीत वतलं तर कुळाला लागंल ते पाप. नाल्यात वतू?’

‘नाल्यात तर मुळीच नाही!’ काकू ओरडल्या. ‘तिथं आधीच शाळा भरलीय जंतूंची!’

‘म्हंजी पाजू न्हाई, वतू न्हाई, नाल्यात न्हाई. बाई, तुमी सांगा, दूध कुटं ठिवू, डोक्याव?’ माई चिडली, काकू चिडल्या, तांबडी आपली रवंथ करत होती. काकू इंग्लिशमध्ये काहीतरी बोलायला लागल्या आणि मला दिसलं की हे आता मोडणार, माई उद्या दुसऱ्या कुणा बाईच्या पोराला तांब्या भरून देणार. पोरगी कडेवर, आणि माझ्या तोंडातून कसं निघालं मला माहीत नाही, मी म्हणलं, ‘माई, सुई टोचली की गाय बाजूला बसली असं समजा ना!’

काकूंनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता बाटली डोक्यात घालतील. पण माईचा हात थांबला. तिनं तांबडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, ‘आसं म्हना की मंग! हे कवाच सांगायचं! ती बाजूला बसल्याली हाय, तिचं काय बी चालायचं न्हाई.’ पुढं कुणाला काही सांगावंच लागलं नाही. किती दिवस ते डॉक्टर सांगेल तितके, परत दूध चालू करायच्या आधी गाईला न्हाणं घालायचं, हे माईनंच ठरवलं. खूण म्हणून काकूंनी आपल्या जुन्या साडीची तांबडी पट्टी दिली, ती गाईच्या मागच्या पायाला. आणि दूध मुरवायचं ते नाल्यापासून लांब घातलेल्या शेणाच्या ढिगात, भुसा टाकून, झाकून, ढीग चांगला तापू द्यायचा, कुजू द्यायचा, आणि महिने गेल्यावरच वाफ्यात टाकायचा. काकू म्हणाल्या, ‘हे उत्तम नाही. सगळं औषध यानं जात नाही. पण बरं आहे.’ काकूंच्या तोंडून ‘बरं आहे’ म्हणजे दुसऱ्यानं हार घातल्यासारखं.

पण गंमत पुढंच झाली. दोन दिवसांनी काकू बाटली घेऊन गोठ्यात गेल्या, तांबडीचं शेण घ्यायला, त्यांना तर सुई मारलेल्या गाईचंच पाहिजे असायचं. माई काठी घेऊन आडवी. ‘शिवायचं न्हाई! बाजूला बसल्याली हाय.’ काकू म्हणाल्या, अहो, मला चालतं. ‘तुमाला चालतं, तिला चालत न्हाई!’ काकू लांब उभ्या राहून गाईला म्हणाल्या, ‘अहो, माफ करा हं.’ माझ्याबरोबर परत येताना पुलावर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘आईनं मला कोपऱ्यात बसवलं होतं, लहानपणी, परीक्षेच्या दिवसांत. पुस्तकाला पण शिवायचं नाही. त्या कोपऱ्यावर राग धरून मी शिकले. आणि आज त्याच कोपऱ्यात मी एका गाईला बसवली.’ मला रडू यायला लागलं तशा म्हणाल्या, ‘रडू नकोस. गाईला आराम आहे, आणि तिची परीक्षा नाहीये.’ आणि एवढ्या मोठ्यानं हसल्या की नाल्यावरचे बगळे उडाले. घरी सासूबाईंना कळलं तर त्यांनी कपाळाला हात लावला, ‘आपण हे सारं सोडून जमाना झाला, अन् तू गाईले बसवून आली!’ पण त्या दिवसापासून माझ्या हाताबद्दल बोलायच्या बंद झाल्या.

मग सुरू झालं ‘लागलं का?’. रोज सकाळी सातव्या मजल्याच्या गॅलरीतून काकू वाकायच्या आणि ओरडायच्या, ‘लागलं का?’ मी खालून पातेलं वर करून दाखवायची, ‘लागलं!’ टॉवरमधल्या लोकांना काय वाटायचं कुणास ठाऊक. वॉचमननं एकदा मिस्टरांना विचारलं, ताईंना नोकरी लागली का? काकूंनी माझ्या पोरीची तब्येत कधीच विचारली नाही. त्यांना लाड करता यायचे नाहीत, पोरगी हसली तर त्या तिला ‘नमस्कार’ म्हणायच्या. पण एखाद्या दिवशी मी गॅलरीखाली आले नाही तर बुटांचा आवाज खोलीच्या दारात.

पोरीला परत ताप आला होता, तेव्हा असाच आवाज आला. मी शेजारच्या मेडिकलमधनं पावरवालं औषध आणायला निघालेली. काकू दारातच उभ्या राहिल्या. ‘आधी डॉक्टर. पावर लाइट बिलात असू दे.’ माझ्याबरोबर आल्या, डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले साधा ताप आहे, साधंच औषध पुरेल. मी म्हणलं, डॉक्टर, पण नाही लागलं तर? डॉक्टर काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, ‘लागेल. मोठी औषधं मोठ्या दिवसांसाठी राखून ठेवायची असतात.’ घरी येऊन पोरीच्या उशाशी बसून राहिल्या, मांडीवर बाटल्यांची पिशवी धरून. मी तिचा श्वास बघत होते, आणि नंतर लक्षात आलं, काकू पण बघत होत्या. संध्याकाळी पोरीला घाम आला, कपाळ गार झालं, तिनं डोळे उघडून काकूंचा चष्मा ओढला. काकू म्हणाल्या, ‘नमस्कार.’ आणि चष्मा पुसायला बाहेर गेल्या, बराच वेळ पुसत होत्या.

आता गोठा नाही. गोठेवाल्यानं शेवटी जागा दिली, तांबडी आणि बाकीच्या गावाकडं गेल्या, माई पण गेली, त्या जागेवर गाड्या लावतात. काकू आता कोथरूडला बहिणीजवळ राहतात. विसरायला लागल्यात. परवा मी पोरीला घेऊन गेले होते, ती आता माझ्या खांद्याला लागते, आणि घरात विरजण तीच लावते. डब्यात दही नेलं होतं. काकू खिडकीजवळ बसलेल्या, पायात तेच बूट, घरातल्या घरात. माझ्याकडं बघितलं, ओळख लागली नाही. पोरीकडं बघितलं, नाही. बहीण म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका, आम्हालाही कधीकधी ‘आपण कोण’ म्हणते.

मी डब्याचं झाकण काढलं. काकूंनी डबा हातात घेतला, एका बाजूला कलता केला, दही हललं नाही. कपाळाला आठी पडली, काहीतरी शोधल्यासारखी. मग माझ्याकडं नाही, सरळ माझ्या पोरीकडं बघून म्हणाल्या, ‘लागलं का?’

पोरीला काय कळलं, ती म्हणाली, ‘हो आजी, रात्रीच लावलं होतं.’ मी मात्र पदर तोंडात धरला. लागलं, काकू. चांगलं लागलं.